सौंसरचा शनिवार

डिंपल, तुझे केस तेव्हा डोळ्यांवर यायचे. कात्री लावायची सोय नव्हती, कारण ते केस आपले नव्हते, जामसांवलीच्या मारुतीचे होते. तू साडेसात महिन्यांचीच जन्मलीस. नागपूरला एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होतीस, आणि त्या पेटीबाहेर उभं राहून तुझी आजी बोलून गेली, लेकरू घरी आलं तर त्याची माय सलग अकरा शनिवार धरीन, मग जावळ जामसांवलीत.

बोलणार आजी, धरणार मी. मला कोणी विचारलं नव्हतं. पण त्या एकोणीस दिवसांत कोणी एकवीस शनिवार म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती.

तू अंगावर पीत होतीस तोवर डॉक्टरांनी उपास करू दिला नाही. सोळा महिन्यांची झालीस तेव्हा मी सुरुवात केली. दोन शनिवार झाले आणि जहाजाच्या कंपनीचा फोन आला. लग्नाआधी मी त्यांच्याकडे एक करार पुरा केला होता, मुदपाकखान्यात, फळं कापायच्या विभागात. संत्र्याच्या बागेतली पोरगी, सुरी हातात बसलेली. एक जागा अचानक रिकामी झाली होती, त्याच आठवड्यात निघायचं होतं. परत येता का, त्यांनी विचारलं. आठ महिने.

मला जायचं होतं. लोकांना मी चार वेगवेगळी कारणं सांगितली. तुला खरं सांगते, मला काम आवडत होतं आणि मी ते चांगलं करत होते, एवढंच कारण होतं. गल्लीत ते पुरेसं वाटणार नव्हतं.

आजी अंगणात सूप घेऊन गहू निवडत होती. तू तिच्या मांडीवर.

"लेकरू कोण पाहीन?"

"त्याचा बाप पाहीन. अन तुम्ही."

"कुलदीप बागेत राहीन का लेकराले पाहीन?"

"मी बागेतही राहत होती अन लेकराले पण पाहत होती, आई. त्याईले जमन."

तुझे बाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "जमन मले." आजीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"अन शनिवार?"

"शनिवार जहाजावर पण येते, आई."

हे मी किती ऐटीत बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात.

आजीनं सूप खाली ठेवलं. "पाहा बरं. खंड पडला तं पुढच्या बंदरावरून वापस. अन इथं येऊन एकपासून सुरू. मंजूर?"

"मंजूर."

जाताना बाबांनी त्यांचं मनगटी घड्याळ माझ्या हातात दिलं. "याले हात लावू नको," म्हणाले. "जहाजाची वेळ बदलत राहीन, हे सौंसरचंच राहू दे."

जहाजावर तिसरा शनिवार झाला, चौथा झाला, आठवाही झाला. उपास म्हणजे दिवस उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत अन्न नाही, मीठ नाही, फळ चालतं. फळांच्या विभागात उपास करणाऱ्या बाईला काय कमी. मी म्हणायची, मारुतीनंच नोकरी लावून दिली.

मग आमचं जहाज होनोलुलूहून रविवारी संध्याकाळी ऑकलंडकडे निघालं. मधे काही नाही. सलग आठ दिवस पाणी.

ज्या दिवशी बंदर नसतं त्याला जहाजावर सी डे म्हणतात. प्रवाशांना वाटतं तो आरामाचा दिवस. आमच्यासाठी तो सगळ्यात मोठा, कारण कोणी खाली उतरत नाही, आणि जे उतरत नाहीत ते खातात. सकाळी खातात, अकराला खातात, दुपारी पोहायच्या टाकीशी बसून खातात. एक-दोन सी डे कोणीही काढतं. चौथ्या दिवशी तीच माणसं, तोच पांढरा बोळ, त्याच कलिंगडाच्या राशी पाहून डोकं फिरायला लागतं. खिडकीबाहेर पाहावं तर पाणी असं सपाट, जणू जहाज चालतच नाही. एका बेकरीवाल्या पोरीनं तिसऱ्या दिवशी पिठाच्या पिंपावर डोकं ठेवून रडायला सुरुवात केली. कारण विचारलं तर तिला सांगता येईना.

त्यात भर म्हणजे त्या पट्ट्यात उपग्रहाचा सिग्नल गेला. फोन नाही, मेसेज नाही. तुझा आवाजही नाही.

माझ्यासोबत गौतमभाऊ होता. पांढुर्ण्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, भाजीच्या विभागात. त्याचा हा सातवा करार. पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता आणि सौंसर त्यात गेलं होतं; पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "काय सौंसरवाली, आता तुम्ही आमच्या जिल्ह्यात. सलाम ठोकत जा." तेव्हापासून आमचं भांडण चालूच होतं.

"तुम्ही कसे काढता हे दिवस, भाऊ?"

"मी बसमधी बसतो," तो म्हणाला. "पहिला दिवस नागपूरचा बसस्टॅण्ड. दुसऱ्या दिवशी सावनेर. रोज एक ठेसन. कंडक्टरशी भांडतो, शेंगदाणे खातो. आठव्या दिवशी पांढुर्णा."

"सावनेरहून सौंसर जवळ पडते."

"माह्या बसले सौंसर लागत नाही."

मला बस लागते, म्हणून मी आपली बाग घेतली. विहिरीकडून धरल्या तर आठ ओळी होतात. एक दिवस, एक ओळ. हातानं टरबूज कापायची आणि मनात झाडाखालचं आळं तपासायची, कुठल्या फांदीला टेकू लागेल ते पाहायची. ऑक्टोबर होता, आंब्या बहाराच्या संत्र्यांची तोड तोंडावर आलेली. तिसऱ्या ओळीतलं ते वाकडं झाड, ज्याला तू मिठी मारतेस, तिथं मी बुधवारचा पूर्ण दिवस काढला. एकच फळ दहा मिनिटं हातात धरून उभी होते म्हणून शेफ ओरडला. ओरडू दे म्हटलं.

गुरुवारी जेवणाच्या खोलीतल्या फलकासमोर गौतमभाऊ उभा होता. तिथं रोज एक कागद लागायचा, घड्याळ किती मागं घ्यायचं त्याचा.

"ये इकडं," तो म्हणाला. हसला नाही, म्हणून मी घाबरले.

कागदावर लिहिलं होतं, उद्या शुक्रवार. परवा रविवार.

मी दोनदा वाचलं. "चुकलं यांचं."

"नाही चुकलं. आपण पश्चिमेले चाललो. रोज घड्याळ मागं-मागं घेऊन राहिलो ना? घेत-घेत गेलं तं जगाशी एक दिवसाचा फरक पडते. म्हणून समुद्रात एक रेघ ठरवली आहे, ती वलांडली का एक दिवस पुढं उडी. माहा मागं एकदा मंगळवार गेला होता. यंदा शनिवार."

"शनिवार असा कसा जाईन?"

"गेला म्हणजे गेला. शुक्रवारी झोपायचं, रविवारी उठायचं."

मी तिथल्या बाकावर बसले. नववा होता, डिंपल. आठ हातात, नववा समुद्रात. पुढच्या बंदरावरून वापस, आणि अंगणात पुन्हा एकपासून. मंजूर, असं माझ्याच तोंडानं म्हटलेलं. विचारावं तर फोन नाही.

अंगणातली अट गौतमभाऊला ठाऊक होती. तो समोर बसला. "हे पाहा, माहा या उपासतापासावर विश्वास नाही, तुले माहीत आहे. आमच्या घरी मारुती नाही, शनिवारही नाही. पण सोपं आहे. बुधवारी फोन लागन, सांग केला म्हणून. कोण पाहायले येते इथं?"

"खोटं सांगू?"

"मंग रविवारी कर."

"रविवार मारुतीचा नाही."

"मंग वापस जा. गहू निवड."

तो चिडवायला बोलला, पण ते मला नीट लागलं. मी उठले. दुपारच्या सुट्टीत झोपले नाही. संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला आणि त्यावर पेनानं रेघा मारत बसले. समुद्रानं रेघ मारली ना, मीही मारीन.

मुदपाकखान्यात हातात घड्याळ चालत नाही, म्हणून बाबांचं घड्याळ मी अॅप्रनच्या आतल्या खिशात पिन लावून ठेवायची. ते काढून समोर ठेवलं. जहाजावर दुपारचे दीड वाजतात तेव्हा त्यात सहा वाजतात. आपल्याकडे सकाळचे सहा, पुढच्या दिवसाचे. म्हणजे इथं शुक्रवारी दुपारी दीडला सौंसरात शनिवार उगवणार. आणि तो मावळून रविवार उगवेल तेव्हा इथं पुन्हा दुपारचा दीडच. फक्त त्या दुपारला जहाज रविवार म्हणेल.

शनिवार कुठं गेलाच नव्हता. अर्धा शुक्रवारात होता, अर्धा रविवारात. जहाजाला त्याचं नाव घ्यायचं नव्हतं, एवढंच.

पुठ्ठा गौतमभाऊला दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिला, बोटांवर तास मोजले. "हिशोब बरोबर आहे," म्हणाला. मग पुठ्ठा परत देत म्हणाला, "पण तुह्या सासूले हे फोनवर समजावशीन कसं?"

"ते माह्यावर सोडा."

शुक्रवारी एक वाजता मी पोटभर वरणभात खाल्ला. दीडला घड्याळात सहा वाजले. मी टरबुजावरची सुरी थांबवली. आजी आता तुळशीपाशी पाणी घालत असेल, तू उठून बाबांच्या पाठीवर चढली असशील, केस सगळे तोंडावर. तिथं उगवला. मी हात धुऊन मनात नाव घेतलं आणि पुढचं फळ उचललं.

संध्याकाळी अडचण आलीच. कैरीची कोशिंबीर होती, मीठ-मिरचीची, आणि शेफनं चमचा पुढं केला. आमच्याकडे नियम आहे, बनवणाऱ्यानं चाखल्याशिवाय पदार्थ बाहेर जात नाही.

"आज मी चाखणार नाही, शेफ."

"आजारी आहेस?"

"नाही. उपास आहे."

"तुझा तो शनिवारी असतो. आज शुक्रवार."

"माझ्या घरी शनिवार आहे."

आजूबाजूच्या सुऱ्या थांबल्या. शेफ वाईट माणूस नव्हता, पण पाचवा सी डे त्यालाही लागला होता. म्हणाला, चाखायचं नसेल तर इथं उभं राहू नकोस, जा, भाजीची थंड खोली रिकामी करून धुऊन काढ.

"हो शेफ," मी म्हटलं आणि निघाले. मागून गौतमभाऊ म्हणाला, "आण तो चमचा, मी चाखतो." चाखून माझ्याकडे पाहत आपल्या बोलीत म्हणाला, "मीठ कमी आहे, सौंसरवाली. तुह्या शनिवारात बसून सांग, किती टाकू?"

"तुमच्या पांढुर्ण्याले लागते तेवढं टाका."

थंड खोलीत मी पन्नास खोकी बाहेर काढली, फरशी घासली, खोकी परत लावली. बोटं बधिर झाली. पाचवी ओळ मी तिथंच संपवली.

सकाळी उठले तर फलकावर रविवार लिहिला होता. सगळे त्यावर विनोद करत होते, कोणाचा वाढदिवस बुडाला म्हणून हसत होते. रविवारची न्याहारी दुपारपर्यंत चालते. मी अंड्यांच्या, भाज्यांच्या वाफेत उभी राहून फक्त दोन केळी खाल्ली आणि अननसांचे डोंगर कापले. दीडला घड्याळात सहा वाजले. गौतमभाऊनं एका वाटीत दहीभात आणून ठेवला, वर मीठ दिसेल असं भुरभुरलेलं.

"उगवला का तुमचा रविवार?"

"उगवला."

"मंग खा लवकर, शेफ पाहून राहिला."

सोमवारची ओळ गेली, मंगळवारची गेली. बुधवारी सकाळी जमीन दिसली तेव्हा बेकरीवाली पोरगी पुन्हा रडली, या वेळी तिला कारण माहीत होतं. मला दुपारी सुट्टी मिळाली. बंदराच्या जाळीपाशी उभं राहून मी घरी फोन लावला. बाबांच्या घड्याळात सकाळचे साडेसात वाजले होते.

आजीनं उचलला. आधी तू दिसलीस. हातात संत्र्याची फोड, आणि केस एका मोठ्या पिनेनं मागं घेतलेले. मला पाहून तू फोड पुढं केलीस. मग आजीनं फोन स्वतःकडे वळवला.

"शनिवार?"

मी पुठ्ठा सोबत आणला होता, पण दाखवला नाही. सरळ सांगितलं. "आई, जहाजावर शनिवार आलाच नाही. शुक्रवारनंतर रविवार लागला."

"म्हणजे मोडला."

"नाही मोडला. तुम्ही सांगा, आपल्या इथं शनिवार उगवला होता का नाही?"

"इथं काहून नाही उगवन? मी जामसांवलीले जाऊन आली ना."

"तुम्ही पाणी घातलं तुळशीले तेव्हापासून मी धरला. तुम्ही रविवारी पाणी घातलं तेव्हा सोडला. घड्याळ यांचंच आहे, हात लावला नाही त्याले. माह्या इथं त्याले दुसरं नाव होतं, पण शनिवार तुमचाच होता."

मागं बाबांचा आवाज आला, "बरोबर सांगून राहिली ते, आई." आजीनं त्यांना हातानंच थांबवलं.

मी दम घेतला. "अन अजून एक. तुम्ही मोडला म्हणसान तरी मी वापस येणार नाही. मंजूर म्हटलं होतं ते खंड पडला तर. खंड पडला नाही. पटलं नसन तं मी इथंच एकपासून धरीन, पण करार पुरा करूनच येईन. खोटं सांगायचं असतं तं तेही सांगता आलं असतं."

जाळीपलीकडून एक ट्रक गेला. पडद्यावर तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, आणि खालून तुझा संत्र्यानं चिकट झालेला हात तिच्या हनुवटीवर.

"मीठ?" तिनं विचारलं.

"नाही खाल्लं. कोशिंबीर चाखायची होती, चाखली नाही. त्याच्यापायी थंड खोली धुवा लागली."

"कोणी धुवाले लावली?"

"शेफनं."

"त्याले सांग, सूनबाई आमची आहे, तुही नाही." मग तिनं तुझा हात धरून पदराला पुसला. बोटं मोजल्यासारखी एकेक करून पुसली. "मंग राहिले दोन," ती म्हणाली. "येता शनिवार तरी नीट येईन ना तिथं, का तोही घरूनच पाठवू?"