भैरूतात्यांची आंघोळ

"काकी, वेळ वाईट हाय, मला कळतंय. पण मेन व्हॉल्व्ह कुठं हाय, तेवढं सांगा," रणजीत म्हणाला.

शालनबाईंनी मान वर केली. पडवीत भैरूतात्या पांढऱ्या चादरीखाली होते. पहाटे सहाला दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला आणि नऊला ॲम्ब्युलन्समधून त्यांना घरी आणलं. रडून रडून शालनबाईंचा घसा बसला होता.

"मला न्हाई ठाव, बाबा."

"असं कसं, काकी? चाळीस वरसं संसार केला तुमी."

रणजीत गावचा सरपंच. पोरगा तसा वाईट नव्हता. पण तात्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून, म्हणजे तीन दिवस, गावाच्या नळाला थेंब नव्हता आणि गावाने त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. मयताला आलेली माणसंसुद्धा आधी डोळे पुसत आणि मग दबक्या आवाजात पाण्याचं विचारत. त्यांना तरी काय बोल लावायचा?

चौतीस वर्षं तात्यांनी गावाला पाणी सोडलं. चाकणच्या पलीकडचं हे गाव तेव्हा दोन आळ्यांचं होतं. पुढे कंपन्या आल्या, वावरं गेली, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. पण टाकी एकच आणि तात्याही एकच. खांद्यावर लोखंडी चावी टाकून ते पहाटे निघत. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठल्या आळीला किती वेळ, सगळं त्यांच्या डोक्यात. एकदा तालुक्याहून इंजिनिअर आला आणि त्याने कागदावर नकाशा काढला. त्या नकाशात पाइपलाइन थेट मारुतीच्या गाभाऱ्यातून गेली होती. तात्या आठवडाभर हसत होते.

गेल्या साली रस्त्याचं काँक्रीट झालं आणि मेन व्हॉल्व्ह त्याखाली गडप झाला. तात्यांनी कुठूनतरी भोक पाडून वाट काढली, वर फरशी टाकली आणि फरशीवर माती लोटली. कुठे, ते कुणाला दाखवलं नाही. कारण चार सरपंचांनी त्यांना कायम करण्याचा शब्द दिला होता आणि चौघांनीही तो गिळला होता. "एकदा दाखवलं की मला घरी बसवत्याल. ऑर्डर हातात पडू दे, मग दाखवतो," असं ते म्हणायचे. ऑर्डर आली नाही. छातीत कळ मात्र आली.

शालनबाईंनी एकदा विचारलं होतं. "तुला कशाला पायजे? चार बायकांत बोलून बसशील," म्हणून तात्यांनी उडवून लावलं होतं. तेव्हा शालनबाईंना राग आला होता. आज तेच बोलणं काळीज कुरतडत होतं. चाळीस वर्षांत एवढाही भरवसा नव्हता का?

"मामी, आंघोळीचं पाणी..." जयदीप दारात येऊन थांबला. तात्यांचा भाचा तो. कंपनीतून रजा टाकून आला होता. अंगणात त्याने तीन विटा मांडल्या होत्या, लाकडं रचली होती, मोठं पातेलं ठेवलं होतं. पातेलं कोरडं ठणठणीत. घरातला शेवटचा हंडा माणसांना प्यायला गेला होता. शेजारीपाजारी तीच गत.

"टँकर?" जयदीपने रणजीतला विचारलं.

"चाकणच्या चौकात अडकलाय. तास झाला, जागचा हालंना."

"वढ्यावरनं आणू का दोन हांडे?" कुणीतरी विचारलं.

"त्या फेसाळ पाण्यात म्हशी बी जात न्हाईत," शालनबाई एकदम म्हणाल्या. "त्या पाण्यानं ह्यास्नी आंघूळ?"

त्या उठल्या. भिंतीला टेकवलेली चावी उचलली. चावी जड होती, छातीपर्यंत उंच. जाऊबाईंनी हात धरला, "अगं, अशा टायमाला भायेर पडत्यात व्हय?" शालनबाईंनी हात सोडवून घेतला.

मुलगी तनुजा सकाळीच वाकडहून आली होती. ती मागोमाग धावली. तिच्या मागे जयदीप, रणजीत आणि निम्मं गाव. शालनबाईंना एवढंच आठवत होतं, की तात्या वळणावरच्या लिंबाच्या आसपास वाकलेले दिसायचे. पण लिंब रस्त्यात गेला होता. जिथे सावली होती तिथे आता मोटारसायकली उभ्या होत्या.

"हितं असंल," त्या म्हणाल्या. रणजीतने काँक्रीट फोडायचा ब्रेकर मागवला. हातभर खोल फोडलं, खडक लागला. "मग हितं बघा." तिथेही खडी आणि माती. तिसरी जागा त्यांना सांगताच येईना.

"ठाव असंल तिला. सांगायची न्हाई," मागून एक बाई पुटपुटली.

शालनबाईंनी ते ऐकलं. भांडायला अंगात बळ नव्हतं. त्या चावीने काँक्रीट ठोकू लागल्या, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. "अवो, कुठं हाय? सांगा की आता तरी! तुमच्याच अंगावर घालायचंय वो!"

रणजीतने खाली बघत ब्रेकर बंद करायला लावला. तनुजाने आईच्या हातातून चावी काढून घेतली आणि तिला धरून घरी आणलं.

शेवटी जयदीपने मोटारसायकलवरून पाण्याचे पाच जार आणले, दुकानात विकतात ते, गारेगार. एक जार बसलेल्या माणसांतच संपला. उरलेले चार पातेल्यात ओतले आणि जाळ केला. गार पाणी लवकर तापेना. तीनच्या शिफ्टला जाणारी माणसं घड्याळाकडे बघत होती, पण कुणी हललं नाही. एवढं मात्र गावाने राखलं.

तात्यांना पाटावर घेतलं. आधी भावकीने एकेक तांब्या घातला. मग आळीतली माणसं पुढे आली. मग खोल्यांमधली, लातूर-परभणीकडून आलेली, ज्यांची नावंही शालनबाईंना माहीत नव्हती. ज्याच्या त्याच्या दारी तात्यांनी पाणी पोचवलं होतं. नको कुणाला म्हणणार? मघाशी पुटपुटलेली बाईही आली आणि डोळ्यांना पदर लावून तांब्या ओतून गेली.

"आई, ये आता," तनुजा म्हणाली.

शालनबाईंनी पातेल्यात तांब्या घातला. तो तळाला खणकन वाजला. पातेलं कलतं केलं, तेव्हा जेमतेम ओंजळभर पाणी तांब्यात आलं.

तनुजाने बघितलं आणि तिला हुंदका आवरेना. "थांब आई. जयदीप, अजून एक जार आण ना पटकन."

"टँकर बी येतोय, काकी, नाक्यापाशी आलाय म्हणं," रणजीत घाईने म्हणाला. त्याच्या बोलण्यावर त्याचाही विश्वास नव्हता.

शालनबाई पाटाजवळ बसल्या. डोक्यावरून घालायला ते पाणी पुरणार नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात मांडीवर घेतला. तळव्यावर घट्टे होते, लोखंड धरून धरून पडलेले. तांब्यातलं पाणी त्यांनी त्या तळव्यावर सोडलं, बोटांमधून हात फिरवला आणि पदराने एकेक बोट कोरडं केलं.

"पुरलं," त्या म्हणाल्या. "न्या आता."

माणसं पुढे झाली. विटांवर रिकामं पातेलं तडतडत होतं आणि खाली जाळ तसाच चालू होता. तो विझवायला कुणाकडे पाणी नव्हतं.