गोड गोळी

सुलतानानं युनूसच्या जिभेवर लिमलेटचा तुकडा ठेवला आणि औषधाची खरी गोळी पदराच्या गाठीत सरकवली, कालच्या-परवाच्या गोळ्यांशेजारी.

"चावून खा. आन् पळ साळंत."

आज पौडहून तपासणीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर हैबतराव मास्तरांची पुरती नाचक्की व्हावी, एवढंच तिला हवं होतं. गेल्या साली पोरगा जागेवर बसत नाही म्हणून मास्तरांनी त्याला खांबाला बांधलं होतं. वर म्हणाले, "ह्याला शेळीवानी दावंच पायजे." पोरं अजून त्याला बघून बें बें करत. सुलताना हे विसरेल? मातीत गेली तरी नाही!

पुण्याच्या डॉक्टरांच्या पहिल्या औषधानं युनूसची भूक मेली, झोप उडाली. मग त्यांनी हे दुसरं दिलं.

"हे खरं तर उदास माणसांचं. पण अशा मुलांनाही लागू पडतं. मनानं बंद करू नका."

दिवसभर खिदळणाऱ्या पोराला उदासाचं औषध! तिला हसूच आलं होतं. पण पोरगं बसायला लागलं, पाढे म्हणायला लागलं. आणि मास्तर गावभर सांगत सुटले, "माझ्या शिस्तीनं सुधारलं." तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता बघू दे साहेबाला शिस्त!

दुपारी शेळी मोकळी सुटून दारातली कोथिंबीर खात होती. दावं कुठंच दिसेना. सुलतानानं तिला हाकललं, तेही हसत. एव्हाना फळा आडवा झाला असेल, दौत साहेबाच्या विजारीवर सांडली असेल.

युनूस लंगडत आला.

"साहेब काय म्हणलं रं?"

"मास्तरांची पाठ थोपटली. लई शिस्त हाय म्हणलं."

"आन् तू? उठला न्हाईस?"

त्यानं दप्तरातून शेळीचं दावं काढून तिच्यापुढं ठेवलं. घोट्यावर लाल वळ उठला होता.

"मास्तरानं बांधलं?"

"न्हाई. माझा मीच पाय खांबाला बांधला. वर दप्तर ठिवलं, कुणाला दिसलं न्हाई."

"का रं बाबा?"

"परवापास्नं गोळी गोड लागतीया, आई. अंगात सारखं पळतंय. मला वाटलं, औषद संपलं आसंल, आन् तू सांगत न्हाईस."

सुलतानाचा हात पदराच्या गाठीकडं गेला. गाठ सुटेना.

"आण हिकडं," युनूस म्हणाला, "मी सोडतो."