पाणी झालंय

महिपत म्हणाला, "वहिनी, गॅस भरून आणायचाय, चला जरा," तेव्हा मंजुळेने निमूट गॅसचं पुस्तक पिशवीत टाकलं. शेगडी सोडून आणखी कशाला गॅस लागतो, हे त्या बापडीला कोण सांगणार?

हा दीर आखातात पाणबुड्या होता. यंदा सुट्टीवर येताना तो डुबकीचं यंत्र घेऊन आलेला. माणसाने सोडलेला श्वास चुन्यातून गाळून पुन्हा त्यालाच पुरवणारं. विमानात भरलेला बाटला चालत नाही, म्हणून ऑक्सिजनचा बाटला रिकामाच आणलेला. आणि इकडे मंजुळेच्या नवऱ्याची, गुणाजीची होडी इंजिनासकट खाडीत बुडालेली. उधाणाच्या आत इंजिन वर आलं नाही, तर गाळ ते गिळणार आणि घरची चूल थंड पडणार.

मानपाड्याला वेल्डिंगच्या गॅसवाल्याने विचारलं, "कापायचंय का जोडायचंय?"

"श्वास घ्यायचाय," महिपत म्हणाला.

"सकाळी सकाळी घेतलीय काय रे?" म्हणत त्याने दोघांना वाटेला लावलं.

कल्याणला दवाखान्यांना ऑक्सिजन पुरवणारा म्हातारा मात्र भला माणूस होता. "पेशंट कोण?"

"मीच."

म्हातारा त्या धडधाकट गड्याकडे बघतच राहिला. महिपत जितकं समजावू लागला, तितका गोंधळ वाढत गेला. मंजुळेला तर काहीच उमगेना. इंजिन हातचं जातंय, एवढंच कळत होतं. तिचा धीर सुटला.

"पान्याचाच झालाय सगला, बाबा! ह्यो नाय भरला त आमी मेलो!"

"पाणी झालंय? छातीत?" म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "नवऱ्याला का?"

इंजिन नवऱ्याचंच, म्हणून तिने मान हलवली. म्हाताऱ्याने मुकाट बाटला भरून दिला. "जपा हो. आमच्या भावाला पाण्यानंच नेलं."

बाहेर आल्यावर मंजुळेला वाटलं, म्हाताऱ्याचा भाऊही असाच पाण्यात बुडाला असणार. बाटला तिने छातीशी धरला, महिपतला देईना.

"भावजी, वर बुडबुडं आलं का मी समजन, तुमी बेस हाव."

"याला बुडबुडे येत नाहीत, वहिनी. तीच तर याची खुबी."

"मंग जित्तं हाव का नाय, मना कसा कलंल?"

सकाळपासून सगळ्यांना समजावून महिपत थकला होता. "कमरेला दोरी बांधतो," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही ओढा, मी उलट ओढीन."

"दोरी माज्या हातान ऱ्हाईल. तुमच्या भावाच्या नाय, त्यांचा ध्यान सगला इंजिनान," मंजुळेने बजावलं आणि मगच बाटला सोडला.