सागवानी पायरी

लकडगंजात आमचं लाकडाचं दुकान आहे. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण लाकडानं सुटते, असा आमच्या ह्यांचा ठाम समज. पोरीचा गुडघा दुखायला लागला तेव्हाही तो समज काही सुटला नाही.

रितिका नववीत आणि खो-खो म्हणजे तिचा जीव की प्राण. पण रांगेत उकिडवं बसलं की गुडघा दुखायचा, जिना उतरताना तर फारच. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत काही नाही, मांडीचे स्नायू कमजोर आहेत. त्यांनी सक्करदऱ्याच्या हिमानी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. एवढीशी पोरगी, कानात मोठाल्या रिंगा. बघूनच माझं तोंड वाकडं झालं.

तिनं व्यायाम दिला तोही साधाच. पाटाएवढ्या उंचीवर उभं राहायचं, एका पायावर भार ठेवून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. गुडघा आत वळू द्यायचा नाही.

"पाट?" हे घरी आल्यावर कडाडले. "लकडगंजची पोरगी पाटावर चढन का?"

दुसऱ्याच दिवशी अखंड सागवानाचा ठोकळा घरी आला. पॉलिश केलेला, वर रितिकाचं नाव कोरलेलं, उंची चांगली दोन-अडीच पाटांची. ह्यांनी हळदकुंकू वाहून नारळही फोडला. नाकापेक्षा मोती जड, पण बोलणार कोण? पोरगी रोज इमानानं त्यावर चढउतार करायची.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. एका सकाळी रितिकानं खेळायचे बूट मैत्रिणीला, मिनलला द्यायला पिशवीत भरले. "मले नाही खेळाचं आता," एवढंच म्हणाली. रडली असती तरी चाललं असतं. तो कोरडा आवाज मला सहन झाला नाही. मी तिला घेऊन निघाले ते हिमानीशी भांडायलाच.

"रोज करून राहिली ही. अन दुखणं वाढूनच राहिलं. काहून?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, पोरगी चुकारपणा करत असेल. हिमानीनं माझं बोलणं संपू दिलं आणि रितिकाकडे वळली. "सांगू नको वं. करून दाखव."

रितिकानं तिथल्या बुटक्या पायरीवर करून दाखवलं. अगदी बरोबर. हिमानी विचारात पडली. "इथं तर बरोबर होते. मग घरी काय होते?" संध्याकाळी स्कूटीवरून ती आमच्या दारात हजर!

सागवानी पायरीवर रितिका चढली, पाय खाली सोडला आणि गुडघा लटपटत आत वळला. मलाही दिसला. इतके दिवस मी काय बघत होते कोण जाणे!

मला वाटलं, आता ही ह्यांना चार शब्द सुनावणार. मी वाटच बघत होते. पण तिनं लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काका, लाकूड लय सुंदर आहे. दुकानात नवीन माणूस आला, तर पहिल्याच दिवशी त्याले ओंडका उचलाले देता का?"

"छे! कंबर मोडन त्याची. पहिले फळ्या..." हे बोलता बोलता थांबले. पायरीकडे बघितलं, मग पोरीच्या गुडघ्याकडे.

"खालून कापता येईल," हिमानी म्हणाली. "नाव वर राहू द्या."

पूजा झालेल्या वस्तूला करवत लावणं आमच्या घरात पाप. ह्यांनी हात जोडले, पायरी उचलली आणि स्वतः दुकानात नेऊन कापली. पातळ पायरी परत आली आणि सोबत तिच्याच खालून कापलेल्या फळ्या. रितिकाचा गुडघा सरळ राहायला लागला की हिमानी एक फळी खाली परत बसवायला सांगायची. कधी नाहीही म्हणायची. त्या वर्षीची शाळेच्या संघाची निवड हुकणार, हेही तिनं पोरीला तोंडावर सांगितलं. खोटी आशा दाखवली नाही, म्हणून तर मला ती पोरगी फार आवडली.

शेवटची फळी बसली तेव्हा उन्हाळा लागला होता. पुढच्या वर्षी रितिका संघात होती. सगळे तिचं पळणं बघत होते, मी फक्त गुडघा.

परवा मिनल घरी आली, लंगडत. "माहाही गुडघा..." ती सुरू झाली. आमचे हे लगेच उठले. "थांब वं, तुह्यासाठी मस्त सागवान..."

"बाबा, बसा," रितिका म्हणाली. तिनं आतून बसायचा जुना पाट आणला, मिनलसमोर ठेवला आणि स्वतः खाली बसून तिच्या गुडघ्यावर नजर लावली.

"सांगू नको वं. करून दाखव."