सिंधूच्या हृदयातली थकलेली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. सिंधू नावाच्या बाईच्या हृदयात, डाव्या बाजूच्या जाड भिंतीत माझं घर आहे. ती जन्मायच्या आधी मी कामाला लागले, तेव्हापासून आजवर सुटी नाही. हृदयावर माणसं गाणी रचतात, झाडांवर त्याचं चित्र कोरून त्यात बाण खुपसतात. पण ज्यांच्या जिवावर ते धडधडतं त्या आम्हा पेशींना कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच बोलायला बसले आहे.

माझं काम ऐकायला सोपं आहे. आकसायचं आणि सैल व्हायचं. हे सगळं कॅल्शियमवर चालतं. हो, दुधात असतं तेच. विजेचा हलकासा इशारा आला की माझ्या अंगावरची बारीक दारं उघडतात आणि बाहेरचं चिमूटभर कॅल्शियम आत येतं. तेवढ्याने भागत नाही, पण ते आलेलं पाहून माझ्या पोटातलं कोठार उघडतं आणि भरपूर कॅल्शियम ओततं. मग माझे धागे एकमेकांवर सरकतात, मी आकसते आणि शेजारणींसोबत रक्त पुढे ढकलते. खरी मेहनत त्यानंतरची. ओतलेलं कॅल्शियम लगेच उचलावं लागतं. माझे पंप बहुतेक सगळं कोठारात परत भरतात आणि बाहेरून आलेलं तेवढं बाहेर टाकलं जातं. ते उचललं नाही तर मला सैल होता येत नाही, आणि मी सैल झाले नाही तर हृदयात रक्त भरणार कसं? विसावा म्हणजे हातपाय पसरून पडणं, असं तुम्हाला वाटतं. मला विसाव्यालाही कष्ट पडतात.

सिंधू शाळेत होती तेव्हा किल्लारीकडचा तो भूकंप झाला. दगडमातीचं घर पहाटे तिच्यावर कोसळलं. भीतीचं रसायन रक्तातून आमच्यापर्यंत आलं. ते आलं की कोठार जास्त ओततं आणि पंपही जोरात धावतात. ढिगाऱ्याखाली ती होती तोवर आम्ही तशाच राबत होतो. लोकांनी तिला जिवंत ओढून काढलं. तिची आई चांगुणा शेजारीच झोपलेली होती, ती वाचली नाही. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहताना रस्त्यावरून ट्रक गेला तरी सिंधू दचकून बाहेर पळायची. मी तेव्हा तरुण होते, सगळं निभावून नेलं. लोक म्हणाले, देव पावला. आमचं नाव कोणी काढलं नाही.

लग्न होऊन ती देवणीकडे गेली. नवरा शेषेराव शेतीत रमलेला. त्यांना मुलगी झाली, आरती. पुढे सिंधूचं बीपी वाढलं. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून मी जाडजूड झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यातली एक अंगातलं पाणी उतरवणारी, सारखं लघवीला लावणारी. गोळ्या चालू होत्या तोवर आमचं बरं चाललं होतं.

मग आरतीला डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला घातलं. आमच्याकडे अशा पोरांबरोबर आईही जाते. क्लासजवळ खोली घ्यायची, वेळेवर ताट वाढायचं, टीव्ही नाही, पाहुणे नाहीत. आणि सगळ्या आयांचा एक ठरलेला नियम असतो. पेपर होईपर्यंत वाईट बातमी पोराच्या कानावर जाऊ द्यायची नाही. आजोबा गेले तरी नाही.

त्या मजल्यावर सगळ्या खोल्यांना मिळून एकच संडास होता. सकाळी पोरांची क्लासची घाई. आपल्यामुळे ती खोळंबतात म्हणून सिंधूने पाण्याची गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. तिच्या अंगात पाणी साठू लागलं, तसं माझ्यावरचं ओझं वाढलं. माझं कोठार गळू लागलं, पंप दमले. आकसायच्या वेळी कॅल्शियम पुरेना आणि सैल व्हायच्या वेळी हटेना.

शेजारच्या खोलीत उमरीची गौसिया मुलासाठी राहत होती. तिच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"सिंधुताई, पाय किती सुजल्यात बघ की. झोपतीस बी बसूनच. चल दवाखान्यात."

"पेपर होऊ द्या भाभी. मला अ‍ॅडमिट केलं तर पोरगी पुस्तक हातात धरंल का?"

"मग मी सांगते आरतीला."

"न्हाई! माझी शपथ हाय तुमाला."

शपथ घातली म्हणून गौसियाने ते आरतीच्या कानावर घातलं नाही. आणि आरतीला पुस्तकातून मान वर करायला सवड नव्हती. मी तिला दोष देत नाही. तिच्यापासून लपवणारी तिचीच आई होती.

पेपरच्या दिवशी आरती केंद्रात गेली आणि फाटकाबाहेर मे महिन्याच्या उन्हात सिंधूला श्वास पुरेना. ओठ निळे पडले. गौसिया रिक्षा घेऊन आली.

"बस, ताई. आता ऐकणार न्हाई मी."

"पोरगी भाईर येऊन मला हुडकंल. घाबरंल ती. तिला बघूनच जाऊ."

फाटक उघडेपर्यंत ती भिंतीला टेकून बसून राहिली. त्या दुपारी माझ्या कितीतरी शेजारणी गेल्या. कॅल्शियम उपसायला त्यांच्यात ताकद उरली नाही. त्या आकसल्या त्या पुन्हा सैल झाल्याच नाहीत. आमच्यात गेलेलीच्या जागी नवी पेशी क्वचितच येते. तिथे नुसता व्रण राहतो.

दवाखान्यात आरती आईच्या खाटेला धरून रडली. "आई, पेपर पुढल्या साली बी असतोय गं. मला का न्हाई सांगितलंस?"

त्यानंतर तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. निकाल लागला तेव्हाही ती तिथेच होती. आरती येऊन बसली, आईचा हात धरला, आणि तिला आनंदाचाही धक्का बसेल म्हणून बोलायलाच भ्याली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, उठू नको. सरकारी कॉलेज मिळंल एवढे मार्क पडल्यात."

सिंधूला फार आनंद झाला. पण मित्रांनो, आनंदातही तेच रसायन येतं जे भीतीत येतं. दारं उघडली, कोठार सांडलं, आणि मला काही आवरेना. ठोके भरकटले, तिला धाप लागली. ज्या बातमीसाठी तिने एवढं सोसलं, ती ऐकून तिला पोटभर हसताही आलं नाही. नर्सने सुई देऊन तिला झोपवलं. आरती बाहेर बाकावर बसून राहिली. तिला पेढा देणाऱ्यांना ती नको म्हणत होती.

एवढंच मागते. घरात परीक्षा असली तरी दुखणं लपवू नका, गोळी आपल्या मनाने सोडू नका, आणि आईला बरं वाटतं का, हे रोज विचारा. पोरांचं यश एक दिवस दारात येतं. त्या दिवशी ते पेलण्याइतकी ताकद तिच्या हृदयात उरू द्या.