विश्रांतीचा तास

त्याच्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, आतल्या बाजूला लालसर चंद्रकोरी उमटल्या होत्या. काही ताज्या, काही पिवळट पडलेल्या. चष्म्याच्या दुकानात मी काचा घासते, त्यामुळे वक्र रेषेकडे माझी नजर आपोआप जाते. त्या नखांच्या खुणा होत्या आणि एका दिवसाच्या नव्हत्या.

"हे काय लागलं?"

"दोरी," माझा नवरा म्हणाला आणि जेवता जेवता त्याने बाही खाली ओढली.

दोरीचा वळ सरळ उठतो. 

तो ट्रक चालवतो. गाड्यांच्या फेऱ्या लावतात ते माझे थोरले दीर; नोकरीला त्यांनीच चिकटवलेलं. मध्यंतरी त्यांनी याच्या दिवसात दुसरी खेप घातली आणि तेव्हापासून हा घरी यायचा तो पार पिळून निघालेला. बूट न काढता खुर्चीतच झोपायचा.

"दादांना सांग ना, झेपत नाही म्हणून."

"उद्या सांगतो." हा उद्या काही उजाडत नव्हता.

शेवटी दीर घरी आले तेव्हा मीच विषय काढला. ते मोठ्याने हसले. "झेपत नाही? अगं, गाडी कधी पळते, कधी उभी असते, गाडीतलं यंत्र मला सगळं दाखवतं. रोज दुपारी गोदामापाशी तासभर आराम चालतो. तुझा नवरा म्हणजे आमचा जावईबापू झालाय!"

नवरा खाली मान घालून चहा ढवळत राहिला. त्याच्या चहात साखर नसते.

रोज तासभर आराम, तरी डोळ्यांखाली काळं. आणि हातावर नखं. मी दोन आणि दोन मांडले, उत्तर वाईट येत होतं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याआधी तयार झाले. "आज मी येते गाडीत."

"केबिनमध्ये काय ठेवलंय बघायला?"

"तेच बघायचंय."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "चल. पण तिथे कुणाला काही विचारत बसू नकोस."

हे ऐकून तर माझी खात्रीच पटली.

गोदामाच्या फाटकाबाहेर ट्रकची लांब रांग होती. गाडी रांगेत लावून त्याने यंत्रावरचं पलंगाचं चित्र असलेलं बटण दाबलं. विश्रांती सुरू. मी आरशातून मागे पाहत होते. रांग गाडीभर सरकली, हा सरकला. पुन्हा थांबला. त्याची मान कलली. लगेच कुणीतरी दार बडवलं.

मागच्या गाडीचा पांढऱ्या मिशांचा चालक खाली उभा होता. त्याला सगळे मामा म्हणत. मला पाहून तो दचकला. "अरेच्चा! आज पहारा बसवलाय का?"

"रोज कोण असतं याच्याबरोबर?" मी विचारलंच.

"याच्याबरोबर? मीच! हा डुलकी काढतो, मी दार बडवतो. मला डुलकी लागली की माझ्या मागचा बडवतो. नंबर गेला तर पुन्हा शेपटाला जावं लागतं, ताई."

मामा गेले. मी यंत्राकडे बोट दाखवलं. "मग ही विश्रांती कसली?"

"गाडी इतकी हळू सरकली की यंत्राला ती उभीच वाटते. तासभर विश्रांती नोंदवावीच लागते, म्हणून सगळेच दाबतात बटण. खरंच झोपायला वेळ काढला तर दुसरी खेप बसत नाही."

"दादांना माहीत आहे हे?"

त्याने फडकं घेतलं आणि स्वच्छ काच पुन्हा पुसली.

माल उतरवून आम्ही परत निघालो. रस्ता सरळ, ऊन समोरून. थोड्या वेळाने त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि अंगठ्याचं नख डाव्या हातात रुतलं. रुतवून त्याने डोळे ताणले. पुन्हा रुतवलं.

म्हणजे नखं त्याचीच होती, दुसरी कुणी नव्हती. मला हायसं वाटलं, अगदी मोकळा श्वास घेतला मी, आणि तेवढ्यात कडेचं चाक खडीवर गेलं. गाडी थरथरली. त्याचे डोळे उघडेच होते, पण तो पाहत नव्हता.

मी ओरडले. त्याने गाडी सावरली, पुढे रुंद जागा पाहून उभी केली.  इंजिन तसंच चालू होतं.

फोन वाजला. दादा. त्याने आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून असेल.

"झाली ना झोप, जावईबापू? दुसरा माल तयार आहे. उडत ये."

एरवी तो "आलोच" म्हणतो.

"दादा, ती झोप नसते. रांग असते. तुला माहीत आहे."

 "बायको शेजारी आहे वाटतं? तिने पढवलं का? नोकरी कुणी लावली ते विसरलास?"

"विसरलो नाही. म्हणूनच इतके दिवस गप्प होतो." त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "दुसरी खेप मी घेणार नाही, दादा. आज नाही आणि यापुढेही नाही."