पर्यायी ध्येय : निरंक

“सर, सगळं जर त्या एका आज्ञेनंच लिहून भेटते, त तुमाले पगार कायचा भेटते?”

खरं तर हा प्रश्न आचलचा नव्हताच. मधल्या सुट्टीत वर्गातल्या उज्मानं आणि तिच्या टोळक्यानं तो गिल्या वड्याच्या पैजेवर आचलच्या गळ्यात मारला होता. पण उभी राहिल्यावर तो तिचाच झाला. गेल्या दिवाळीपर्यंत ही पोरगी हजेरीसुद्धा शेजारणीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात द्यायची. मग वक्तृत्वात तिला ढाल मिळाली, आणि तेव्हापासून गप्प बसणं म्हणजे ढालीचा अपमान असं तिला वाटू लागलं.

अमरावतीच्या त्या शाळेचं अख्खं सभागृह हसलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हसावं की डोळे वटारावेत हे ठरवण्यासाठी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे होते जिब्रान सर, याच शाळेतून शिकून गेलेले. अकोल्याला घराच्या गच्चीवरच्या खोलीत बसून ते बंगळूरच्या कंपनीचं काम करत, आणि खाली दुकानात बसलेले त्यांचे अब्बा गिऱ्हाइकांना अजून सांगत की पोरगा घरीच असतो, कुठं नोकरी असेल तर पाहा. हे त्यांनी स्वतःच भाषणात सांगितलं होतं.

“पगार रिकाम्या जागा भरायचा भेटते,” जिब्रान सर म्हणाले. “ये बेटा, तूच भर.”

त्यांनी मघापासून समजावलं होतं ते असं. शाळेच्या संकेतस्थळासाठी भाड्याचा एक संगणक लागतो, त्याला सर्व्हर म्हणायचं. तो कुठं असावा, केवढा असावा, त्याचं नाव काय, हे सगळं एका मजकुरात लिहून एका साधनाला द्यायचं. ते मजकूर वाचतं आणि तसाच सर्व्हर उभा करतं. आता एवढा मजकूर पहिल्या ओळीपासून कोण लिहीत बसणार? म्हणून काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाकायची, की सर्व्हरचा नमुना काढून दे. झरझर सगळे रकाने खाली उतरतात. सक्तीचे रकाने उघडे असतात. ऐच्छिक रकान्यांपुढे जाळीसारखी एक खूण असते, ते सोडले तरी चालतात.

सोडले तरी चालतात, हे आचलच्या कानांनी ऐकलं, पण हातांना काही ते पटलं नाही. तिचे बाबा गोपालराव सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत. रिकामा रकाना म्हणजे अर्ज परत, हे तिला पाढ्यांच्या आधी कळलेलं. माहिती नसेल तर ‘निरंक’ लिहावं, संबंध नसेल तर ‘लागू नाही’ लिहावं, पण कागदाला शाई लागलीच पाहिजे. गोपालराव किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा ‘हिंग : निरंक’ लिहीत आणि दुकानदार बिचारा हिंग शोधत बसे.

याच हातानं त्यांनी आदल्या दिवशी अकोल्याच्या मेडिकल क्लासचा फॉर्म भरून ठेवला होता. दहावी झाली की आचलनं दोन वर्षं तिथल्या होस्टेलात राहायचं, हे घरात ठरलेलं होतं. कधी ठरलं ते कोणालाच आठवत नव्हतं. विद्यार्थ्याचे ध्येय : डॉक्टर. पर्यायी ध्येय : निरंक. सकाळी ते वाचून आचलला बाबांच्या अक्षराचं कौतुकच वाटलं होतं. फक्त तिची सही राहिली होती, ती संध्याकाळी करायची होती.

तर आचलनं नाव भरलं, आकार भरला, आणि मग खाली उतरून प्रत्येक ओळीपुढची ती जाळी पुसत पुसत निगुतीनं लिहिलं : निरंक, निरंक, लागू नाही, निरंक. जागेच्या रकान्यातही ‘लागू नाही’. शाळा आपली इथंच होती, सर्व्हरनं कुठंही बसावं.

जिब्रान सरांनी साधन चालवलं आणि पडदा लालबुंद झाला. निरंक हा आकडा नाही, असं साधन म्हणालं. निरंक ही तारीखही नाही. लागू नाही या नावाची जागा आपल्या माहितीत नाही. ओळीमागून ओळ ते हेच सांगत राहिलं. मागच्या बाकावरून उज्मा म्हणाली, हे त आपल्या गणिताच्या सरापेक्षा खडूस हाय.

“घरी कोण आहे सरकारी नोकरीत?” जिब्रान सरांनी हळूच विचारलं.

“बाबा.”

“तरीच,” असं म्हणून त्यांनी सगळे निरंक खोडले. जे सक्तीचं नाही ते सोडून द्यायचं, ते समजावू लागले. पण आचलला एक शंका डसली. रिकामं सोडलं तर तिथं काहीच नसतं का? तिनं विचारलं तेव्हा सर म्हणाले, नाही, काही ना काही लागतंच.

“मंग ते भरते कोन?”

“ज्यानं हे साधन बनवलं त्यानं. त्यानं आधीच ठरवून ठेवलं असते. तू नाही सांगितलं, की त्याचं लागू.”

या वेळी पडदा हिरवा झाला. आचलनं उतरलेल्या ओळी मोठ्यानं वाचल्या, आणि जागेपाशी येऊन अडखळली. तिथं अमेरिकेतल्या कुठल्याशा भागाचं नाव होतं. तिनं विचारलं की सर, अमेरिका तर आपण कुठंच लिहिली नाही. नाही लिहिली म्हणूनच, असं सर पुटपुटले. मुंबईचं नाव टाकून पुन्हा चालवलं की झालं, दोन शब्दांचं काम होतं.

ते दोन शब्द टाकायला त्यांनी बोटं उचललीच होती, पण मोठ्या बाईंच्या कानावर तोवर अमेरिका पडली होती. त्यांनी माईक घेतला. आपल्या शाळेचं संकेतस्थळ आजपासून अमेरिकेतून चालणार, आणि हा पराक्रम दहावीतल्या एका मुलीचा, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेनात. जिब्रान सरांची बोटं अधांतरी राहिली, मग तीही टाळ्या वाजवू लागली.

आचल सायकलनं घरी पोचली त्याआधी अमेरिका पोचली होती. शाळेच्या ग्रुपवर तिचा फोटो आला होता आणि गोपालराव पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीतून लवकर सुटले होते. आपण काही केलं नाही, एक रकाना नुसता रिकामा राहिला, हे तिनं परोपरीनं सांगितलं. पोरगी किती नम्र आहे, असं गोपालराव शेजाऱ्यांना म्हणाले. मोठ्यानं बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिचं कोणी ऐकत नव्हतं.

मग पेढा खाऊन त्यांनी फॉर्म पुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं.

आचलनं फॉर्म पुन्हा वाचला. अक्षर सकाळइतकंच सुंदर होतं.

“बाबा, ध्येय कोनाले विचारून भरलं?”

“इचारायचं काय त्याच्यात? हुशार पोट्ट्याइचं तेच असते. ठरलेलंच हाय ते.”

“कोनं ठरोलं?”

गोपालरावांनी फॉर्म तिच्याकडे आणखी सरकवला. स्वयंपाकघरातून आई, बेबीताई, पिठाच्या हातानं दारात आली. म्हणाली, यांच्या लग्नाच्या कागदावर ‘अपेक्षा : निरंक’ लिहिलं होतं म्हणून मीच हुरळून हो म्हटलं, आता रोज भाजीत मीठ कमी पडलं की कळते किती निरंक हाय ते. आचलला हसू आलं. पेन तिनं टोपण लावून बाबांच्या खिशात ठेवलं.

“बाबा, आई, मी अकोल्याले जात नाई. अकरावीले इथंच कॉम्प्युटर सायन्स घेईन. ध्येयाचा रकाना सक्तीचा हाय, तो मी सोता भरीन. पर्यायी तेवढा रिकामा राहू द्या, त्यातलं मले अजून काई समजत नाई. पन बाबा, तिथं निरंक लिहू नका.”